द्वारकाबाईंची हजेरी

फार वर्षं झाली त्याला. आपल्या साखरदऱ्याला तेव्हा पक्की सडक नव्हती, पण शाळा होती. एकच खोली, शेणानं सारवलेली, चौथीपर्यंतची. त्या शाळेवर द्वारकाबाई मास्तरीण म्हणून आल्या. ठेंगण्या, सावळ्या, आणि आवाज इतका बारीक की मागच्या पोरांना ऐकूच जात नसे, असं म्हणतात.

पहिल्या सकाळी त्यांनी हजेरीचं पुस्तक उघडलं. सत्तावीस नावं नीट लिहिलेली. खाली आधीच्या मास्तरांच्या वळणदार अक्षरात एक ओळ होती : 'बाहेरचे, चार.'

"हे बाहेरचे चार कोण?" बाईंनी विचारलं.

पोरांनी दाराकडे बोट केलं. उंबऱ्यापलीकडे, उन्हात, चार मुलं पाट्या घेऊन बसली होती. गावकुसाबाहेरच्या वस्तीतली. दोन वर्षं ती तिथंच बसत होती, आणि दोन वर्षांत त्यांचं नाव लिहावं असं कुणालाही वाटलं नव्हतं. जनावरं मोजावीत तशी मोजली होती लेकरं!

बाईंचे कान तापले. त्या उठून उन्हात गेल्या, मुलांसमोर उकिडव्या बसल्या, आणि एकेकाला नाव विचारून लिहून घेतलं. मग चौघांना आत आणून चटईवर बसवलं आणि पहिल्यापासून हजेरी घेतली. "जयवंतराव." हा पाटलांचा मुलगा. "दगडूराव." हा बाहेरून आत आलेला. "उकंडराव. तुळसाबाई. चिंधाबाई."

वर्ग खो खो हसला. बाई थांबल्या. हसू पुरतं विरेपर्यंत थांबल्या, आणि पुन्हा म्हणाल्या, "दगडूराव."

"हजर," दगडू म्हणाला. त्याला आपलाच आवाज अनोळखी वाटला.

"हा तुमचा पहिला धडा," बाई म्हणाल्या. "माणसाला नीट हाक मारायची. बाराखडी त्याच्यानंतर."

संध्याकाळी बाजीराव पाटील शाळेत आले. "मास्तरीणबाई, आमच्या जयवंताला राव आणि त्या दगड्यालाही राव?"

"मग दोघांचंही राव काढते. जयवंता आणि दगड्या. चालेल?"

पाटलांचा चेहरा लाल झाला. "पोरं बिघडवाल तुम्ही."

"बिघडलीच आहेत," द्वारकाबाई म्हणाल्या. आवाज बारीक, पण आता थरथरत होता रागानं. "सकाळी तुमचा आठ वर्षांचा मुलगा दगडूच्या आजोबांना 'ए, बाजूला हो' म्हणाला. सत्तर वर्षांचा माणूस बाजूला झाला हो! लाज मला वाटली. तुम्हाला नाही वाटत?"

पाटील तडक निघून गेले. दुसऱ्या दिवशी गावात दवंडी फिरली. शाळेत पोर धाडेल त्याला रानात काम नाही, गिरणीत दळण नाही. एकही मूल आलं नाही. बाईंची भाड्याची खोली गेली, त्या शाळेतच राहू लागल्या. विहिरीवर त्यांची घागर कुणी भरू देईना, तेव्हा त्या ओढ्याचं गढूळ पाणी गाळून प्यायल्या. आज आपण त्यांच्या नावानं हात जोडतो, पण हे आपल्याच पणजोबांनी केलं.

बाईंनी काय करावं? रोज अकरा वाजता त्या रिकाम्या चटयांसमोर उभ्या राहिल्या आणि हजेरी घेऊ लागल्या. एकतीस नावं, एकूणएक, राव आणि बाई लावून. उत्तर कुणाचंच नाही. आतून त्या पेटलेल्या होत्या. आणि असं म्हणतात की तो राग आवाजात उतरला. पहिल्या दिवशी आवाज अंगणापर्यंत गेला. चौथ्या दिवशी चावडीपर्यंत. आठव्या दिवशी पाटलांच्या माजघरात ताटावर बसलेल्यांना स्पष्ट ऐकू आला. बाराव्या दिवशी शिवारात चालती औतं थांबली, बैलांनी कान टवकारले. ओढ्यानं आपली खळखळ थांबवून त्या आवाजाला वाट दिली, असं म्हणतात.

तो आवाज चुलीपुढं बसलेल्या बायकांनीही ऐकला. आपल्या लेकराचं नाव इतक्या मानानं कुणी घेतलेलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. आणि मग एकेकीच्या ध्यानात आलं, की आपलं नाव तर कुणी घेतच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, नाहीतर नुसतं 'अगं ए'.

तेराव्या दिवशी पाटलीणबाई जयवंताचा हात धरून सगळ्या गावासमोरून शाळेत गेल्या. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "याला घ्या. आणि बाई, माझंही नाव लिहा. सीतू. लग्न झाल्यापासून कुणी उच्चारलं नाही."

"आत या, सीतूबाई," द्वारकाबाई म्हणाल्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचे डोळे भरले.

मागोमाग बायका येत राहिल्या. दगडूची आई लेकाला घेऊन आली, पण उंबऱ्याशीच अडली. तेव्हा सीतूबाई चटईवर सरकल्या आणि म्हणाल्या, "इथं बसा."

पाटील काठी घेऊन धावत आले. आत बघतात तर स्वतःची बायको हजर म्हणत होती. काहींच्या मते तेही खाली बसले. काही सांगतात, छे, दुपार टळेपर्यंत ते दारातच काठी आडवी धरून उभे होते आणि पोरं त्यांच्या काठीखालून वाकून आत गेली. काहीही असो, दवंडी तिथंच मेली.

वर्ष संपलं आणि वरून बदलीचा कागद आला. शिस्त बिघडवल्याचा ठपका होता. द्वारकाबाई बैलगाडीत बसून एकट्या गेल्या. गावाच्या पुढाऱ्यांनी त्यांना निरोपाचा नारळसुद्धा दिला नाही. सांगताना अजून चीड येते.

पण बायकांनी हजेरी सोडली नाही. शाळा उघडते त्या दिवशी अजूनही सगळं साखरदरं अंगणात जमतं. गावातल्या प्रत्येकाचं नाव, तान्ह्यापासून म्हाताऱ्यापर्यंत, राव आणि बाई लावून घेतलं जातं. अडीच तास लागतात. शेवटचं नाव होईपर्यंत कुणी उठायचं नाही.

मागं एकदा एक मोठे पुढारी नव्या खोलीची फीत कापायला आले होते. घड्याळ बघून म्हणाले, "हे जरा आवरतं घ्या."

हजेरी घेणारी म्हातारी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघत म्हणाली, "अजून दोनशे माणसं राहिलीत, साहेब. बसा खाली."

साहेब बसले. डोक्यावर ऊन आलं, तरी बसून राहिले.