झिपरू परवाना सांभाळतो

पिंपळखुटे गावात झिपरू नावाचा एक भोळा माणूस राहत होता. सांगितलेलं तो करीत असे. अडचण एवढीच, की सगळंच करीत असे.

रतनशेठच्या पैसे पाठवण्याच्या दुकानात तो कामाला लागला. शेठने भिंतीवरचा परवाना दाखवला. "हा गेला की दुकान गेलं. कायदा ऐकून ठेव. एकाचे पैसे घेऊन दुसऱ्याला पोचवायचे, तर परवाना लागतो."

संध्याकाळी एसटी खच्चून भरलेली. मागच्या म्हातारीचे तिकिटाचे पैसे हातोहात कंडक्टरकडे चालले होते. झिपरूने मधलाच एक हात धरला. "परवाना दाखवा!" हात पैलवानाचा निघाला.

सकाळी शेठने सुजलेला गाल पाहिला. "अरे शहाण्या, कायदा धंद्याला आहे! आपण ओळखपत्र बघायचं. नाव जुळलं तर पैसे द्यायचे, नाही तर परत."

"बरं, शेठ."

त्याच आठवड्यात शेठने मित्राच्या नव्या सुनेसाठी आहेराचं पाकीट देऊन त्याला लग्नाला धाडलं. झिपरूने भर मांडवात नवरीचं आधार कार्ड मागितलं. कार्डावर मंजुळा. ताटातल्या तांदळांत नवऱ्याने नुकतंच लिहिलेलं, मयूरी. झिपरू पाकीट घेऊन परत आला. जेवून आला मात्र.

शेठने कपाळ बडवलं. "संशय आला तर चारचौघांत बोंबलतात का? गुपचूप वरच्या कचेरीला लिहायचं. ज्याच्याबद्दल लिहिलं, त्याला तर कळूच द्यायचं नाही. कायदाच आहे तसा."

"पण असला माणूस ओळखायचा कसा?"

"रोज येतो, किती जमले विचारतो, स्वतः कुणाला रुपया पाठवत नाही, आणि पैसे कुठे नेतो ते सांगत नाही."

झिपरूने बोटांवर मोजून पाठ केलं.

मग पंधरा दिवस तो गल्ल्यापाशी बसून नीट बघत राहिला. शेठ रोज संध्याकाळी येई. "किती जमले रे?" विचारी, पैसे पिशवीत भरी आणि न सांगता निघून जाई. कुणाला रुपया पाठवताना काही दिसला नाही. झिपरूने पत्र लिहायला घेतलं. पंधरा दिवसांत कामात एकही चूक झाली नाही म्हणून शेठने त्याच दिवशी त्याचा पगार वाढवला. झिपरूने तेही पत्राच्या शेवटी लिहिलं.

आठवड्याने दोन साहेब आले. भिंतीवरचा परवाना काढून त्यांनी पिशवीत घातला. चौकशी संपेपर्यंत दुकान बंद.

"पण साहेब, तक्रार केली कुणी?" शेठ रडकुंडीला आला.

"ते सांगता येत नाही."

शेठ झिपरूकडे वळला. "तू तर दिवसभर इथेच असतोस. तुला ठाऊक आहे, कोण तो?"

"आहे की."

"मग बोल ना, बाबा!"

झिपरूने साहेबांकडे पाहिलं, शेठकडे पाहिलं, आणि हात जोडले. "शेठ, अख्ख्या गावाला सांगेन. तुम्हालाच तेवढं सांगता येत नाही. कायदाच आहे तसा."