राहिलेलं पाणी

"मग माझं चुकलं तरी कुठे, बाबा?"

शहाबाबा फकीर दर्ग्याच्या ओट्यावर बसून गोधडीला ठिगळ लावत होते. विचारणारे यशवंत सबनीस एका सूतगिरणीचे मोठे साहेब. साहेब असल्यामुळे बसण्याआधी त्यांनी ओटा रुमालाने झटकला होता. तो ओटा बाबांनी सकाळीच झाडून काढला होता.

"झालं काय ते तर सांग, बेटा."

"दाभाडेसाहेबांकडे गेलो होतो. माझे पहिले साहेब. त्यांच्याच हाताखाली मी घडलो. त्यांची गिरणी सोडली तेव्हा रागावले, तो राग अजून आहे. पत्रं लिहिली, उत्तर नाही. फोन केला, माझं नाव ऐकून ठेवून दिला. शेवटी काल बंगल्यावर जाऊन बसलो. आतून निरोप आला, भेटायचं नाही म्हणून."

"तुला काय हवं होतं त्यांच्याकडून?"

सबनीस जरा घुटमळले.

"एक शब्द. 'यशवंत, तू होतास म्हणून गिरणी चालली.' बस. तेवढं कोणीतरी म्हणावं, म्हणजे तिथे घातलेली उमेदीची वर्षं..."

एवढा मोठा माणूस, पण या एका शब्दावाचून त्याचं अडलं होतं.

बाबांनी दाताने दोरा तोडला.

"बंगल्यावर दुसरं कोणी नव्हतं?"

"माळी होता. पूर्वी गिरणीतच असायचा. त्याने खुर्ची पुसून दिली, पाणी आणलं."

"काही बोलला?"

"ही माणसं बोलतच असतात हो. म्हणाला, 'साहेब, तुमी होता म्हणून गिरणी चालली. तुमी गेलात आन् सगळी रया गेली.'"

"मग?"

"मग काय? माझं लक्ष दाराकडे. निरोप आला तसा उठलो."

"आणि पाणी?"

"ते राहिलं तसंच."

बाबा सुईत नवा दोरा ओवू लागले. दोरा दोनदा चुकला...

"बाबा, आता मी काय करू? पुन्हा जाऊ का?"

"जा."

सबनीसांचा चेहरा उजळला. "भेटतील ना साहेब?"

"ते मला काय ठाऊक? पाणी तेवढं पिऊन ये."