गोदूला आउट व्हायचं होतं

अगं ऐक ना! चपला नंतर काढ. आत्ता, अगदी आत्ता टाकीजवळच्या बागेत काय झालंय ते ऐकलंस ना, तर उडशील!

फाटकापाशी बर्फाच्या गोळ्याची गाडी लावतात ना दगडूकाका, त्यांची गोदू. नऊ वर्षांची, चिमणीएवढी. एक पाय जन्मापासून काडीसारखा बारीक, त्याच्यावर भारच टाकता येत नाही. म्हणून काखेत कुबडी. घरी दोघंच, बाप आणि लेक. पाऊस लागला की गाडी बंद, मग ताटात अर्धीच भाकरी. पण पोरगी कशी, तर गाडीवरच्या बाटल्यांमधलं लाल, हिरवं, जांभळं सरबत उन्हात लुकलुकतं ना, तशी.

तिला वेड एकच, लंगडीचं. एकीने एका पायावर उड्या मारत पकडायचं, बाकीच्यांनी चौकोनात पळायचं. हात लागला की आउट. आता एका पायावर उडण्यात गोदूला कोण हरवणार? चालायला लागल्यापासून ती दुसरं करतेय काय! कुबडी टाकली की टुण्‌ टुण्‌ टुण्‌, आणि शाल्मलीच्या पाठीवर टप्पकन हात.

"आउट!"

"नाही हं गोदे," शाल्मली गोड हसायची. ती बागेच्या संघाची कप्तान. "तू कच्चं लिंबू ना? तुझं धरत नाहीत."

आणि गोदूला कुणी पकडलं, तरी तीही आउट नाही. कच्चं लिंबू कुठे आउट होतं का! सगळ्या गाल ओढणार, लिमलेटची गोळी देणार, पण आउट काही देणार नाहीत.

बागेच्या कोपऱ्यात एक बहावा होता. वाळलेला, करड्या काटक्यांचा. माळी म्हणायचा, तोडूनच टाकतो. पण गोदू रोज गाडीतल्या उरलेल्या बर्फाचं गारगार पाणी त्याच्या मुळाशी ओतायची. "पी रे बाबा, आज कैरीचा स्वाद आहे." आणि यंदा तो फुलला! कसा फुलला म्हणून सांगू! पिवळीधमक झुंबरं, फांदीफांदीला, वारा आला की सोनं सांडल्यासारखं.

परवा दुपारी गोदू त्याच्याखाली रुसून बसली होती. तेवढ्यात एका झुंबरातून टुपकन एक परी उतरली. अंगठ्याएवढी. हळदी रंगाचा घेरदार झगा, इवलेसे चमचमते पंख, आणि केसांना कैरीचा वास.

"बाळे, तुझ्या पाण्यावर जगले मी," परी म्हणाली. "आता काहीतरी माग. पण नियम आहेत हं. इच्छा एकच. ती तुझ्यापुरतीच. आणि दुसऱ्याच्या मनाला मी हात लावत नाही."

"मला आउट व्हायचंय."

परीचे पंखच थांबले. "अगं, मुलं जिंकायचं मागतात!"

"जिंकणाऱ्या मुलीपण कधीतरी आउट होतात. मी कधीच नाही."

"पण आउट द्यायचं ते त्या मुलींच्या मनात यायला हवं ना, सोनुले. ते मला जमायचं नाही. पाय हवा का, दुसऱ्या पायासारखा धडधाकट?"

गोदूने आपल्या बारक्या पायाकडे पाहिलं. "नंतर सांगितलं तर चालेल?"

परी खुदकन हसली आणि तिने गोदूच्या तळहातावर एक सोनेरी पाकळी ठेवली. "मुठीत धर आणि कुजबुज. तेवढं पुरे."

आज पलीकडच्या बागेशी सामना होता. आपल्या संघातली एक जण गालगुंड होऊन घरी, म्हणून गोदूला घेतली. शाल्मली म्हणाली, "तू नुसती उभी राहा हं." पण पंच म्हणून आलेल्या खेळाच्या गुरव सरांनी आधीच सांगून टाकलं, "इथे कच्चं लिंबू वगैरे काही नाही. सगळ्या सारख्या."

आपली पकडायची पाळी आली आणि गोदूने टुण्‌ टुण्‌ करत चौघींना आउट केलं! पलीकडच्या मुली आ वासून बघत राहिल्या.

मग आपण आत. त्यांची लाल टीशर्टवाली उंच पोरगी लंगडी घालत आली. ही आउट, ती आउट, शाल्मलीही आउट. गोदूच्या मात्र शेजारून जायची. "राहू दे तिला, बिचारी." अशी गोदू एकटीच उरली. शिट्टीपर्यंत एक जण जरी आत राहिली तरी कप आपला!

शेवटी लाल टीशर्टवाली उगाच आपली वाकली, आणि तिचं बोट गोदूच्या वेणीच्या टोकाला लागलं. नुसतं टोकाला गं! कुणालाच दिसलं नाही. त्या पोरीलासुद्धा कळलं नाही.

गोदूच्या मुठीतली पाकळी कोमट झाली. 'हात लागलाच नाही' एवढं कुजबुजलं की झालं.

"गोदे, उभी राहा, जिंकलोच!" शाल्मली बाहेरून नाचत होती.

गोदूने दुसरा हात वर केला. "सर, मी आउट. वेणीला लागला."

"गप गं!" शाल्मली किंचाळली.

सरांनी क्षणभर गोदूकडे पाहिलं. मग अख्ख्या बागेला ऐकू जाईल असं ओरडले, "आउट!"

गेला कप. शाल्मली लालबुंद. "तुझ्यामुळे हरलो! फक्त तुझ्यामुळे!"

आणि गोदू? पडलेल्या दाताच्या खिडकीसकट हसत होती.

"माझ्यामुळे?"

"हो, तुझ्यामुळे!"

"परत म्हण ना!"

शाल्मलीला रागावू की हसू कळेना. शेवटी फिस्सकन हसलीच. "थांब, उद्या तुलाच पहिली आउट करते."

सर गोळ्याच्या गाडीपाशी गेले. "दगडूभाऊ, हिला उंच उडीच्या सरावाला पाठवा. अशा मुलांच्या राज्याच्या स्पर्धा असतात. पण माझ्याकडे लिमलेटच्या गोळ्या मिळत नाहीत हं."

"आउट मिळतं?" गोदूने विचारलं.

"चुकलीस की रोज."

दगडूकाकांनी सरांच्या हातात एक मोठा गोळा दिला, तिन्ही रंगांचा.

उन्हं कलली आणि बहावा आतून दिवा लावल्यासारखा उजळला. परी पाकळीएवढ्या आवाजात म्हणाली, "तुझी इच्छा तर तूच पुरी केलीस, बाळे. पाकळी अजून तुझीच. मागायचाय पाय?"

"उद्या सराव आहे," गोदू म्हणाली. "परवा बघू."

परी हसली, हसता हसता पिवळा उजेड झाली, आणि तो उजेड फुलाफुलात विरून गेला.

पाकळी अजून गोदूच्या फ्रॉकच्या खिशात आहे. आता तू सांग. लागलं होतं ते वेणीचं नुसतं टोक, बघितलं नव्हतं कुणीच, आणि मुठीत पाकळी. तू असतीस तर काय केलं असतंस?