पाथरवटाचा वाटा

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात गुणाजी नावाचा एक पाथरवट राहत होता. राजाने घाटातून नवा रस्ता काढायचे ठरवले, तेव्हा सहा वर्षे त्या कड्यावर गुणाजीची छिन्नी चालली. सातव्या वर्षी सुरुंगाचा एक बार उशिरा उडाला. दगडाच्या कपच्या थेट तोंडावर आल्या आणि गुणाजीचे दोन्ही डोळे गेले.

त्या राज्यात एक चांगला कायदा होता. राजाच्या कामावर असताना जो मेला, जो अपंग झाला किंवा म्हातारपणामुळे जो कामातून सुटला, त्याच्या मुलांना सोळा वर्षांची होईपर्यंत सरकारी कोठारातून धान्य मिळे आणि पाठशाळेत जागा मिळे. फक्त दरवर्षी पाडव्याच्या आधी कचेरीत जाऊन मुलाचे नाव लिहून द्यावे लागे. पाडवा उलटला, की पुन्हा वर्षभर थांबायचे.

गुणाजीला एकच मुलगी होती. तिचे नाव चिमा. डोळे गेले तेव्हा ती सात वर्षांची होती. गुणाजीची बायको अंबू त्याला म्हणाली, "अहो, कचेरीत जाऊन येऊ या. पोरीचं नाव घालू."

"माझे डोळे गेलेत, हात नाही गेले," गुणाजी म्हणाला. "कुणाच्या दारात उभं राहून मी धान्य मागणार नाही."

तो अंबाडीचे दोर वळू लागला. हे गावात कळले, तेव्हा पारावर त्याची वाहवा झाली. "माणूस असावा तर असा," लोक म्हणाले. गुणाजीला ते ऐकून बरे वाटले. डोळे गेल्यापासून बरे वाटावे असे फारसे काही घडलेच नव्हते.

पण दोरांवर तीन माणसांचे पोट भरेना. अंबू खाणीवर खडी फोडायला जाऊ लागली. चिमा आईबरोबर जाई. "तिथं काय करतेस गं दिवसभर?" असे गुणाजीने विचारले, की ती म्हणे, "खेळते, बा." अशी दोन वर्षे गेली.

पाडव्याला आठ दिवस उरले असताना गुणाजी अंगणात एक लांब दोर वळत बसला होता. दुसरे टोक चिमाने धरले होते. पीळ भरत आला आणि टोक तिच्या हातातून निसटले.

"नीट धर, पोरी."

तिने पुन्हा धरले. पुन्हा निसटले. गुणाजीने तिला जवळ बोलावले आणि तिचा हात हातात घेतला. बोटांच्या मुळाशी घट्टे पडले होते. तळव्याला भेगा होत्या, एक भेग अजून ओली होती. पाथरवटाचा हात कसा असतो, हे गुणाजीला कुणी सांगायला नको होते. त्याचा स्वतःचा हात असा झाला, तेव्हा तो वीस वर्षांचा होता.

"खडी वाहतेस?" त्याने विचारले.

दारातून अंबू म्हणाली, "मी नको म्हणत होते. तीच ऐकत नाही. आणि तिनं वाहिली नाही, तर संध्याकाळची चूल पेटत नाही."

गुणाजीने तो हात सोडला नाही. म्हणाला, "उद्या कचेरीत जाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चिमाचा खांदा धरून निघाला. वाटेत तुळजाचे घर लागले. तिचा नवरा त्याच रस्त्याच्या कामावर दरीत पडून मेला होता. तिला तीन मुलगे होते. गुणाजी दारात थांबला आणि म्हणाला, "वहिनी, मी पोरीचं नाव घालायला चाललोय. तुमच्या पोरांची नावं कधी घातलीत?"

"घातली नाहीत, भाऊजी."

"का?"

"तुम्ही जात नव्हता ना. लोक म्हणाले असते, डोळे गेलेला माणूस मागत नाही आणि ही धडधाकट बाई मागते. मग कोणत्या तोंडानं जाऊ? थोरला मागच्या महिन्यात सोळाचा झाला. गेला एका व्यापाऱ्याचे बैल हाकायला, खाली मैदानात."

आपण मागत नाही याचा आपल्याला अभिमान वाटला, आणि त्या अभिमानापायी दुसऱ्याचे पोर उपाशी राहिले, हे गुणाजीच्या कधी मनातच आले नव्हते. तो एवढेच म्हणाला, "चला माझ्याबरोबर. धाकट्या दोघांना घ्या."

कचेरीत कारकून कामात गढलेला होता. मान वर न करता तो म्हणाला, "दान मागायला आलेल्यांनी तिकडे ओटीवर बसावं. राजेसाहेबांची मर्जी असेल तर मिळेल."

गुणाजी जागचा हलला नाही. "साहेब, बोलण्यावरून आपण घाटाखालचे ना? इथं कसे आलात?"

"कसे म्हणजे? नव्या रस्त्यानं."

"त्या रस्त्यात माझे डोळे गेलेत. या बाईचा नवरा गेलाय. मी मागायला आलो नाही. माझ्या पोरीचा वाटा न्यायला आलोय."

तो हे चढ्या आवाजात बोलला नाही. कारकुनाने मान वर केली. समोरच्या माणसाचे गेलेले डोळे त्याला दिसले. तो उठला, गुणाजीचा हात धरून त्याला बैठकीवर बसवले आणि विचारले, "मुलीचं नाव सांगा."

चिमाचे नाव लिहिले गेले. तुळजाच्या धाकट्या दोघांचीही नावे लिहिली गेली. थोरल्याबद्दल गुणाजीने दोनदा विचारले. कारकून हळू आवाजात म्हणाला, "वय उलटलं. आता माझ्या हातात काही नाही."

पाडव्यानंतर चिमा पाठशाळेत जाऊ लागली. हाताचे घट्टे जायला पावसाळा उजाडला.

त्यानंतर दरवर्षी पाडव्याच्या आधी गुणाजी काठी टेकत घाटातल्या वाड्यावस्त्यांवर फिरे. कुणाचा हात गेला, कुणाचा बाप गेला, याची चौकशी करी आणि त्यांना घेऊन कचेरीत जाई. एकदा एक लंगडा झालेला गवंडी त्याला म्हणाला, "जावंसं वाटतं, पण लोक काय म्हणतील?"

"लोक माझ्याबद्दल फार चांगलं बोलत होते," गुणाजी म्हणाला. "त्यात माझ्या पोरीची दोन वर्षं गेली. ऊठ, पोराला हाक मार."

तात्पर्य: कष्ट करून मिळवलेला हक्क घेणे म्हणजे भीक मागणे नव्हे; आपल्या मानासाठी तो नाकारला, तर त्याची किंमत आपली आणि दुसऱ्यांचीही मुले मोजतात.