साहेबांच्या हुकुमाची रांगोळी

एका संस्थानात भालेराव नावाचे शिक्षणाधिकारी होते. त्यांचं इंग्रजी वाक्य सकाळी सुरू झालं की जेवणापर्यंत आटपत नसे. असल्या माणसाला मुलींना इंग्रजी शिकवणारी शाळा खुपली, यात नवल ते काय!

शाळेच्या अंगणात खुर्ची टाकून, ताकाचे तांबे रिचवत त्यांनी शाळाबंदीचा इंग्रजी हुकूम एकाच लांबलचक वाक्यात ऐकवला. मग म्हणाले, "या वाक्याची आकृती काढा. मुख्य वाक्य, उपवाक्यं, पदबंध, सगळं रेघांनी जोडून दाखवा. नाही जमलं तर आजच कुलूप!"

सगुणा मास्तरीण म्हणाली, "एवढ्याला फळा पुरायचा नाही, साहेब. अंगणातच काढतो."

तिने मुलींना रांगोळी दिली. मुख्य वाक्याची रेघ फाटकात आडवी पडली. तिला उपवाक्यं फुटली, त्यांना पदबंध लोंबले, आणि साहेबांच्या खुर्चीला चहूकडून वेढा पडला.

तेवढ्यात ताकाने आपलं काम केलं. साहेब घाईने उठले आणि एक पाय उचलून तसेच थबकले. रांगोळी तुडवली की अपशकुन, ओलांडली तरी अपशकुन, अशी त्यांची पक्की समजूत!

"पुसा हे!" ते ओरडले.

सगुणा म्हणाली, "सरकारी हुकूम आहे, आम्ही कोण पुसणाऱ्या? तुम्ही जेवढे शब्द मागे घ्याल, तेवढ्या रेघा पुसते."

साहेबांनी भराभर उपवाक्यं मागे घेतली. फाटकाशी पोचले, तर शेवटची रेघ आडवी: शाळा बंद करावी.

"तीही घेतली मागे!" म्हणत साहेब धोतर सावरत पळाले.

सगुणा मुलींकडे वळली. "तिकडे काय बघताय? नवं वाक्य घ्या. आणि बयांनो, आटोपशीर घ्या!"