डोंगराला दटावणारी ठकू

तेव्हा आपलं गाव इथं नव्हतं. खिंडीच्या पलीकडे, उभ्या कड्याच्या पायथ्याशी होतं. त्या गावात ठकू नावाची बाई हाडांचं औषध द्यायची. औषधापेक्षा बोलणीच जास्त द्यायची, असं म्हणतात.

बोलायला तिला कारण होतं. गाव चढउताराचं, आणि वय झालं की माणसाची हाडं पोखरलेल्या वाशासारखी होतात. पाणवठ्यावर पाय घसरला की मांडी मोडायची. जोराची शिंक आली तरी कुणाची पाठ धरायची. ठकू कड्यावरून कांडवेल आणायची. ही वेल चौकोनी, बोटांच्या पेरांसारखी सांध्यासांध्यांची. कच्ची खाल्ली तर घसा खाजतो, म्हणून ठकू ती तुपात परतायची, चिंच घालून वाटायची, आणि सांगायची, नाचणीच्या भाकरीबरोबर खा आणि रोज चाला.

म्हातारी माणसं हो म्हणायची. खायची नाहीत, आणि चालायची तर मुळीच नाहीत. मग पडायची, आणि ठकूला हाक मारायची. ठकू बांबूच्या कामट्या बांधता बांधता असं काही बोलायची की दुखणं बरं, पण तोंड आवर, असं लोकांना व्हायचं.

सगळ्यांत हट्टी तिचा थोरला भाऊ, धावजी. त्याचा मोडलेला पाय ठकूनं जुळवला होता, पण पुन्हा पडू या भीतीनं तो दारातून हलत नसे. बहिणीनं दिलेली चटणी तो गुपचूप गाईला घालायचा. ती गाय म्हातारपणीही शेळीसारखी कड्यावर चढायची, असं म्हणतात.

एका वर्षी होळीच्या सुमारास कड्याला भेग पडली. आधी बोट जाईल एवढी, मग हात जाईल एवढी. पाऊस लागला की डोंगर गावावर येणार, हे सगळ्यांना कळलं. मृगाच्या आधी खिंड ओलांडून खाली वसायचं ठरलं. पण खिंडीची वाट एका पावलाची. तिथून डोली जात नाही, पाठीवर माणूस घेऊनही जाता येत नाही. म्हाताऱ्यांनी आपणच सांगितलं, आम्हाला इथंच राहू द्या, आमचे दिवस भरलेच आहेत. मुलं रडली, आणि रडून झाल्यावर गप्प बसली.

ते गप्प बसणं ठकूला सहन झालं नाही. ती घरोघर गेली. मुलांना म्हणाली, लाज वाटू द्या. म्हाताऱ्यांना म्हणाली, मरायची एवढी हौस होती तर माझी वेल घेऊन कशाला वाया घालवलीत? होळीपासून मृगापर्यंत तिनं कुणाला बसू दिलं नाही. समोर बसून चटणी खायला घालायची, आणि गुरं हाकावीत तशी सगळ्यांना बांधावरून चालवायची. धावजीलाही. आता ती गाईच्या गव्हाणीपाशीच उभी राहायची.

निघायचा दिवस आला. आभाळ भरलं होतं. म्हातारी माणसं काठ्या टेकत, कुरकुरत, एकामागून एक खिंड चढली. शेवटी धावजी आणि मागे ठकू. भेगेच्या बरोबर खाली आल्यावर धावजी खाली बसला.

"ठके, तू जा," तो म्हणाला. "माझ्यानं होत नाही."

"होत नाही की करायचं नाही?"

"भीती वाटते गं."

ठकू त्याच्या शेजारी बसली. तिनं त्याला ओढलं नाही, की हात दिला नाही. ती नुसती बोलत राहिली. गाईचं बोलली, वाया गेलेल्या तुपाचं बोलली, लहानपणी त्यानं तिला ओढा ओलांडून नेलं होतं, तेही बोलली. एवढ्यात वरून दगड सुटू लागले. कडा करकरला. ठकू वैतागून उठली आणि डोंगराकडे वळली.

"थांब जरा," ती म्हणाली. "दिसत नाही का, म्हातारा माणूस चालतोय?"

आणि डोंगर थांबला, असं म्हणतात. सुटलेले दगड होते तिथंच चिकटून राहिले.

धावजीनं वर पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. काठी रोवून तो उठला आणि चालू लागला. दोघं खिंडीपलीकडे उतरली, तेव्हा मागे कडा कोसळला. जुनं गाव दिसेनासं झालं. मागं माणूस एकही राहिलं नव्हतं.

वेलीनं हाडं बळकट झाली, चालण्यानं, की ठकूच्या तोंडानं, यावर आपल्याकडे अजून वाद होतात. तालुक्याचे डॉक्टर म्हणतात, वेलीत गुण असेल, तपासायला हवा. तोवर आमची औषधं सोडू नका. ठकूही बहुधा हेच म्हणाली असती, फक्त जास्त वेळ.

मृगाच्या आदल्या दिवशी गावातली म्हातारी माणसं आजही आपल्या पायांनी खिंडीपर्यंत जातात. प्रत्येक जण कांडवेलीचं एक कांडं तिथं रोवतो. तरुणांनी मागून चालायचं, मागितल्याशिवाय हात द्यायचा नाही. आणि वाटेत कुणी बसलं, म्हणालं की मला इथंच राहू द्या, तर सगळं गाव त्याच्याजवळ बसतं आणि तो उठेपर्यंत बोलत राहतं.