पागोट्यावरचा निळा डाग

फार पूर्वी एका नदीकाठी रंगाऱ्यांची एक पेठ होती. इतकी रंगीत, की तिथल्या कावळ्यांचे पायसुद्धा कधी लाल तर कधी निळे दिसायचे.

त्या पेठेनं मिळून एक कोठी बांधली होती. सुगी झाली की प्रत्येक घरानं ऐपतीप्रमाणे तिथं ज्वारी नेऊन ओतायची. मग ज्याच्या घराला आग लागेल, ज्याचं घर पुरात जाईल, त्याचं नुकसान त्या ज्वारीतून भरून द्यायचं. जेवढं गेलं तेवढंच. मूठभर कमी नाही, मूठभर जास्त नाही.

पेठेच्या खालच्या टोकाला एक रंगारीण राहायची. नवरा तरुणपणीच गेलेला, पदरात दोन मुली. निळीचं काम करायची, सासूनं शिकवलेलं. आता नीळ म्हणजे नुसता रंग नव्हे बरं का! रांजणात पाणी, चुना, गूळ आणि टाकळ्याचं बी घालून ती आंबवावी लागते. दुधाला विरजण लावतो ना, तसं जुन्या रांजणातलं पाणी नव्यात घालावं लागतं. मग कुठं दोन पावसाळे गेल्यावर ती पिकते. पिकलेली नीळ जिवंत असते. रंगारीण रोज सकाळी झाकण काढून तिचा वास घ्यायची. तान्ह्या लेकराला ताप तर नाही ना, असं आई कपाळ चाचपून बघते, अगदी तसं.

नदीवर तिच्या वरच्या अंगाला एक म्हातारा रंगारी होता. तो लाल रंगवायचा आणि निळाही. त्याच्या लाल कापडाचं पाणी वाहत खाली यायचं आणि हिची धुवायला काढलेली निळी कापडं डागाळायची. एकदा सांगून झालं, दोनदा सांगून झालं. तिसऱ्यांदा रंगारीण तांब्याभर नीळ घेऊन गेली आणि त्याच्या वाळत घातलेल्या पांढऱ्याशुभ्र पागोट्यावर ओतून आली. तेव्हापासून दोघांचा अबोला. आठ वर्षं! म्हातारा हट्टानं तेच डागाळलेलं पागोटं डोक्याला बांधायचा. "बघा, शेजारणीनं काय केलं," असं न बोलता साऱ्या पेठेला सांगायचा.

तर काय झालं, फाल्गुनातली भर दुपार होती. वारा सुटलेला. गुळाचं पाणी उकळत ठेवलेल्या चुलीतली ठिणगी उडाली ती थेट वाळत घातलेल्या कापडावर. कापडावरून छपरावर. रंगारणीनं दोन्ही मुलींना ओढून बाहेर काढलं आणि मागं वळते तोवर छप्पर रांजणांवर कोसळलं. रांजण फुटले. नीळ अंगणातून वाहत नदीला मिळाली आणि नदी काठाकाठानं निळी होऊन गेली.

कोठी सांभाळणारा कोठावळा दुसऱ्या दिवशी आला. माणूस वाईट नव्हता, पण हात आखडता. त्यानं राखेभोवती एक फेरी मारली.

"वासे, कौलं, भिंती," तो म्हणाला, "आणि तुम्ही म्हणता ते नऊ रांजण. रांजण काय, मातीचेच. कुंभाराकडून नवे आणू. सगळे मिळून दहा पोती."

"दहा?" रंगारीण कडाडली. "त्या रांजणांत माझ्या सासूच्या हातची नीळ होती! तीस पोती झाली पाहिजेत."

"सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते खोटं नाही. वहिनी, ही कोठी काही माझी नाही, साऱ्या पेठेची आहे. नदीत वाहून गेलेल्या पाण्याचं मी काय मोजू?"

रंगारणीनं मनाशी हिशेब केला. दहा पोत्यांत घर कसंबसं उभं राहिलं असतं, पण नीळ पिकेपर्यंतचे दोन पावसाळे काय खायचं? मग रंगकाम सोडून भावाच्या दारी जाऊन राहणं आलं. भाऊ प्रेमाचा होता, पण भावाच्या घरातली चूल भावजयीची असते.

आता मोलावरून असं अडलं, तर पेठेचा एक जुना रिवाज होता. ज्याचं जळलं त्यानं एक पारखी निवडायचा, कोठीनं एक निवडायचा. आणि त्या दोघांनी जळितावर पाऊल टाकण्याआधी मिळून तिसरा ठरवायचा. आधी का? कारण जळित बघून मनात आकडा धरला, की माणूस तिसरा शोधत नाही, आपल्या आकड्याला हो म्हणणारा शोधतो. जिथं पहिल्या दोघांचं जुळेल तिथं प्रश्नच मिटला. जिथं जुळणार नाही तेवढंच तिसऱ्यापुढं ठेवायचं. तिघांतले दोघे म्हणतील ते शेवटचं. मग कुणी ब्र काढायचा नाही.

भाऊ धावत आला होताच. छाती ठोकून म्हणाला, "अक्का, तुझा पारखी मी! असा भांडतो बघ, की कोठावळा चाळीस पोती काढून देईल."

रंगारीण जळक्या उंबऱ्यावर बसून राहिली. भाऊ भांडेल हे खरं. पण भावाचं बोलणं तिसरा माणूस कुठल्या कानानं ऐकेल? बहिणीचा भाऊ, तो असंच बोलणार! आणि नीळ पिकली की नासली, हे वासावरून कळणारा तरी कोण होता पेठेत? होता एकच.

ती उठली, पदर खोचला आणि नदीच्या वरच्या अंगाला चालू लागली.

म्हातारा लाल रंगासाठी मंजिष्ठ कुटत बसला होता. आठ वर्षांनी ती समोर उभी राहिली, तरी त्यानं मान वर केली नाही.

"दुसरा तांब्या आणलास का?" तो म्हणाला.

"ओतायला नीळ कुठं राहिलीय, दादा? माझे पारखी व्हा. एवढंच मागायला आले."

"तुझा भाऊ मेला का?"

"जिता आहे. पण त्याला नीळ कळत नाही."

म्हाताऱ्याचा बत्ता थांबला. "मी दिसेल ते बोलेन हो. तुला गोड लागेल असं नाही."

"तुम्ही कधी गोड बोललात?" रंगारीण म्हणाली आणि परतली.

कोठीनं सुतार निवडला. सुतार आणि म्हातारा, दोघांनी मिळून तिसरी ठरवली पेठेतली कासारीण. बांगड्या भरायला ती घरोघरी जायची, साऱ्यांची गाऱ्हाणी ऐकायची, पण या घरचं त्या घरी कधी नेलं नाही. तिच्यावर बोट ठेवायला कुणालाच जागा नव्हती.

मग पारखी जळितावर आले. सुतारानं एक जळका वासा तासून बघितला आणि म्हणाला, "कोठावळे, तुम्ही हा आंबा धरला. हा तर साग आहे." घराची बारा पोती दोघांनी एकमतानं ठरवली. अडलं ते रांजणांपाशी. सुतार म्हणाला, "मला मातीपलीकडचं दिसत नाही. मी मातीचंच मोल लावणार." तेव्हा कासारणीला बोलावणं गेलं. सारी पेठ भोवती जमली.

म्हाताऱ्यानं एकेक खापर उचलून आतून बोट फिरवलं, हुंगलं. सात रांजणांची खापरं त्यानं एकीकडे ठेवली. उरलेल्या दोहोंची हातात घेऊन तो म्हणाला, "हे दोन मोजू नका. हे रिकामे होते."

रंगारणीचा चेहरा पडला. दोन रांजणांना गेल्या साली तडा गेला होता खरा, पण बोलताना ती नऊच म्हणाली होती. नऊ म्हणायची सवय!

"यात कुंभारीणमाशीनं घर केलंय," म्हातारा म्हणाला. "जिवंत निळीत ती घर करत नाही."

"तुम्ही माझे पारखी की कोठीचे?" रंगारणीचा भाऊ ओरडला.

"पारखायला बोलावलं म्हणून आलो. भांडायचं असतं तर तू होतास की!"

लोक हसले. रंगारणीनं मात्र भावाचा हात दाबला आणि मान खाली घालून म्हणाली, "दादा म्हणतात ते खरं आहे. दोन रिकामे होते."

कासारणीनं तिच्याकडे बघितलं, मग म्हाताऱ्याकडे. "बरं, उरल्या सातांचं बोला. ती नीळ वाहून गेली. ती कशी होती, हे मी कशावरून मानू?"

म्हातारा पुढं आला. मग त्यानं डोक्यावरचं पागोटं सोडलं. पेठेनं त्याचं उघडं टक्कल पहिल्यांदा बघितलं. पण हसलं कुणी नाही. त्यानं तो निळा डाग कासारणीपुढं धरला.

"ही हिची नीळ. आठ वर्षं मी हा डाग काढतोय. रिठा झाला, राखेचं पाणी झालं, उन्हाळ्याचे उन्हाळे दगडावर घासून झालं. कापड विरलं, डाग हलला नाही." "माझी नीळ वर्षभरात फिकी पडते. लोक मला तोंडावर सांगत नाहीत, पण मला ठाऊक आहे. अशी नीळ या पेठेत फक्त हिच्या रांजणात होती."

हातच्या काकणाला आरसा कशाला! कासारणीनं कापड बोटांत चोळलं, उन्हाला धरलं. सुतार दुरून बघत होता, तोही पुढं आला.

"आता मोल," म्हातारा म्हणाला. "विरजणाचं काही धरू नका, ते मी देईन. हिच्या सासूनंच मला दिलं होतं एकेकाळी. विरजण तेच, हात वेगळा. पण सात रांजण पिकायला दोन पावसाळे लागतील. तेवढ्या दिवसांचा गूळ, चुना, बी आणि या तिघींची भाकरी धरा. बारा पोती."

"मला पटलं," कासारीण म्हणाली. "ज्यानं आपल्याच माणसाचे दोन रांजण वगळले, तो सात फुगवून सांगणार नाही."

घराची बारा आणि निळीची बारा. कोठावळ्यानं कपाळाचा घाम पुसला, पण वाद घातला नाही. त्याच संध्याकाळी पोती मोजून दिली, वर म्हणाला, "वहिनी, सागाचं तेवढं आधी सांगायचं होतंत."

दोन पावसाळे गेले आणि रंगारणीची नीळ पिकली. पहिलं कापड कुणाचं बुडवलं असेल? ते पागोटं मागून आणून तिनं अख्खंच बुडवलं. वाळलं तसं नदीच्या वरच्या अंगाला घेऊन गेली. म्हाताऱ्यानं ते उलटंपालटं करून बघितलं.

"माझा डाग कुठं गेला गं?"

"आहे की, दादा. आता वेगळा दिसायचा नाही इतकंच."

त्यानं पागोटं डोक्याला बांधलं आणि भिजत घातलेली लाल कापडं उचलून तिच्या घाटाच्या खालच्या अंगाला धुवायला निघाला.

तात्पर्य: मोल ठरवायची वेळ आली, की आपल्या बाजूनं ओरडणारा शोधू नये, खरं बोलणारा शोधावा. जो आपलं उणं चारचौघांत सांगतो, त्यानं सांगितलेलं आपलं मोल जग मानतं.